लाल झाकणाच्या गाड्या

१

"गाडीला कुणी हात लावलेला नाही," असं मला फोनवर सांगण्यात आलं होतं. मी पोचलो तेव्हा मोटरसायकल पुसून, सरळ करून, फुटपाथच्या कडेला स्टँडवर उभी होती आणि एक गृहस्थ तिच्या सीटवर बसून फोनवर गप्पा मारत होते. विमा कंपनीचा सर्व्हेअर म्हणून मी इतकी वर्षं अपघात बघतोय, पण कुणी हात न लावलेली गाडी मला अजून दिसायची आहे.

घटना साधी होती. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवणारा एक तरुण सकाळी लाल पाटीच्या पेट्रोल पंपावर टाकी फुल करून निघाला. पुढच्याच चौकाच्या मधोमध इंजिन बंद पडलं. मागून येणाऱ्या टेम्पोचा ब्रेक उशिरा लागला आणि तरुणाचा उजवा पाय गुडघ्याखाली मोडला. त्याला दवाखान्यात नेल्यावर स्कूलचा फिटर आला. त्याने टाकीत कसलंसं औषध घातलं, किक मारली, आणि बंद पडलेली गाडी जणू काही झालंच नाही अशी सुरू झाली.

दुपारपर्यंत लाल पंपाभोवती दोरी बांधली गेली. पेट्रोल कंपनीने पुरवठा थांबवला. पेट्रोल खराब होतं असं माझ्या अहवालात आलं, तर पंप मालकिणीकडून काढून घेतला जाणार होता.

मालकिणीला सगळे 'वहिनी' म्हणत. कारण सोपं होतं. रस्त्याच्या पलीकडे, बरोबर समोर, दुसऱ्या कंपनीचा निळा पंप होता. तो त्यांच्या धाकट्या दिराचा. तो त्यांना वहिनी म्हणायचा, म्हणून सगळं गिऱ्हाईक म्हणायचं. नवरा गेल्यापासून लाल पंप त्या एकट्या चालवत होत्या.

"साहेब, माझं एकच म्हणणं आहे," केबिनमध्ये बसल्या बसल्या त्या म्हणाल्या. "माझ्या पेट्रोलने त्या पोराचा पाय मोडला असेल, तर पंप आजच्या आज घेऊन जा. पण नसेल मोडला, तर तसं लिहा. मधलंच काहीतरी गुळमुळीत लिहू नका. मला दुसरं काही येत नाही आणि आता नवीन शिकायचं वयही नाही."

मी काहीच कबूल केलं नाही. माझ्या धंद्यात दिलेला शब्द हाही एक प्रकारचा अपघातच असतो.

कंपनीच्या माणसांनी तीन नमुने नेले होते. एक जमिनीखालच्या टाकीतला, एक नोझलमधला, एक मोटरसायकलीतला. दुसऱ्या दिवशी सकाळी मला प्रयोगशाळेतून फोन आला.

"तिन्ही शुद्ध. पाण्याचा थेंब नाही, भेसळ नाही. एवढं चांगलं पेट्रोल आम्हालाही बघायला मिळत नाही."

२

मी स्वतः सायकलवाला. त्यामुळे या विषयात मी कोणत्याच पार्टीचा नाही. पण ऐकलंय भरपूर. लाल भरलं की पिकअप मिळतो, निळं भरलं की ॲव्हरेज मिळतं, लालने इंजिन थंड राहतं, निळ्याने खडखडत नाही. विचारलं की कसं कळलं, तर उत्तर येतं, "अहो, जाणवतं!" पेट्रोलच्या बाबतीत प्रत्येकाचं एकच, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं.

ड्रायव्हिंग स्कूलचे मालक म्हणजे मास्तर, हे लाल पार्टीचे पुढारी. आयुष्यभर शेजारच्या सीटवर बसून "क्लच! क्लच!" ओरडल्यामुळे त्यांना हळू बोलता येत नव्हतं.

"वहिनींचा नवरा माझा जिवलग मित्र," ते म्हणाले. "त्याने पंप टाकला त्या दिवसापासून मी दुसरीकडे भरलं नाही. पण आमच्याकडे शिकवायला एक ताई आहे, ती निळ्याची. रोज चहाच्या वेळी हीच कटकट. शेवटी म्हटलं, होऊन जाऊ दे परीक्षा!"

परीक्षा अशी होती. स्कूलच्या दोन मोटरसायकली आणि दोन जुन्या मोटारी, जोडीजोडीने अगदी सारख्या. प्रत्येक जोडीतल्या एका गाडीत फक्त लाल पंपाचं पेट्रोल भरायचं, दुसरीत फक्त निळ्या पंपाचं. महिनाभर चालवायच्या. ज्याचं ॲव्हरेज जास्त, त्याच्याकडे यापुढे स्कूलचं सगळं पेट्रोल. भरताना गल्लत होऊ नये म्हणून टाकीच्या झाकणांवर खुणा केल्या होत्या.

मी अंगणात जाऊन खुणा बघितल्या. निळ्या गाड्यांच्या झाकणांना कडेने निळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती, तीही जरा वाकडी. लाल झाकणं मात्र तैलरंगाने रंगवलेली होती. जाड, चकचकीत, ब्रशचा एक फराटा दिसेल तर शपथ.

"लाल मी स्वतः रंगवली," मास्तर म्हणाले. "दोन हात दिलेत. निळ्यांचं ताईने बघितलं."

मी एक लाल झाकण काढून बघितलं. आतला रबरी वायसर नवा कोरा होता. निळ्याचा चपटा, तडकलेला. मी झाकण परत बसवलं.

"आणि लागला निकाल," मास्तरांचा आवाज अंगणभर घुमला. "निळ्या दोन्ही धावतायत, लाल दोन्ही बंद पडतायत! टाकी फुल केली रे केली की पुढच्या वळणावर बंद. अर्धी रिकामी झाली की परत शहाण्यासारखी चालते. म्हणजे ताजं भरलेलंच खराब, दुसरं काय?"

मला हे चमत्कारिक वाटलं. पेट्रोल काही लोणचं नव्हे, मुरल्यावर सुधारायला.

"तरी मी भरत राहिलो," मास्तर म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. "मुलाला म्हणायचो, भर रे, लालच भर, आपल्या माणसाचा पंप आहे."

"मुलाला?"

"ज्याचा पाय मोडला तो माझा मुलगा आहे, साहेब."

त्यांनी तोंड फिरवलं. मग एकदम वळून म्हणाले, "आणि अपघाताच्या आदल्या संध्याकाळी या गाड्यांपाशी कोण उभं होतं, माहीत आहे? निळा पंपवाला. एकटा. गेटमधून बाहेर पडताना मी त्याला पाठमोरा बघितलाय."

३

निळा पंपवाला, म्हणजे धाकटे शेठ, हा सडपातळ, इस्त्रीच्या शर्टातला माणूस होता. समोरचा पंप बंद, सगळं गिऱ्हाईक याच्या दारात. मला वाटलं, स्वारी खुशीत असणार. पण गडी सुतकी चेहरा करून बसला होता.

"वहिनीचं पेट्रोल नासकं म्हणायचं, तर माझंही नासकं म्हणावं लागेल," ते म्हणाले. "दोन्ही कंपन्यांचे टँकर एकाच डेपोत भरतात. मूळ माल एकच. शेवटी प्रत्येक कंपनी आपापलं रसायन घालते, अगदी थोडंसं. त्याने इंजिन स्वच्छ राहतं म्हणतात. राहतही असेल. पण त्याने गाडी चौकात बंद पडत नाही."

"मग लोक भांडतात कशावरून?"

"बापाने जिथे भरलं तिथे मुलगा भरतो. तेवढंच."

"हे तुम्ही गिऱ्हाइकांना सांगता?"

"मी पंप चालवतो साहेब, प्रवचन देत नाही."

मी आदल्या संध्याकाळबद्दल विचारलं. ते दचकले नाहीत, पण खिशाचं पेन काढून परत खिशाला लावलं.

"गेलो होतो. मास्तरांना सांगायला, की ही परीक्षा बंद करा. लाल गाड्या बंद पडतात म्हणून वहिनीची सगळीकडे नाचक्की चालली होती."

"तुमचा तर फायदाच होता त्यात."

"होता ना. तिने पंप विकायला काढला असता तर पहिला मी घेतला असता, हे तिलाही ठाऊक आहे. पण तिने विकला असता तर. असा तिच्या हातून हिसकावून मला नको. दादाने उभा केलेला आहे तो."

"मास्तर भेटले?"

"नाही. अंगणात कुणीच नव्हतं. मी जरा वेळ थांबलो. ते लाल झाकण बघत होतो. माणसं एवढ्या मायेने घराचं दार रंगवत नाहीत."

"नुसतं बघत होतात?"

त्यांनी खिशाचं पेन परत काढलं. "उघडलं. घट्ट बसलं होतं, दोन्ही हात लावावे लागले. उघडताना फुस्स झालं. टाक्या करतात तसं, उन्हात उभ्या असल्या की. मला वास घ्यायचा होता. खरंच खराब आहे का, ते मलाही बघायचं होतं."

"तुम्हाला उघडताना कुणी बघितलं?"

"कुणीच नाही," ते म्हणाले. "म्हणजे मी आत काही टाकलं नाही, हे सांगणाराही कुणी नाही."

४

माझ्या हातात आता शुद्ध पेट्रोल होतं आणि एक संशयित होता, ज्याने स्वतःच्या तोंडाने स्वतःला अडकवून घेतलं होतं. अशा माणसांपासून मी जपून असतो. खरा लबाड एवढा बावळट नसतो.

मी परत स्कूलमध्ये गेलो. निळ्या पार्टीची ताई एका काकांना गाडी मागे घ्यायला शिकवत होती. काका सुटल्यावर ती माझ्याकडे आली.

"मला जिंकल्याचा काही आनंद नाही," ती पहिल्या वाक्यालाच म्हणाली. "माझी स्वतःची स्कूटर आहे ना, ती अपघाताच्या सकाळी मी लाल पंपावरच भरली होती. निळ्यावर रांग होती म्हणून. तीच वेळ, तोच नोझल, मास्तरांच्या मुलाच्या मागे उभी होते मी. माझी स्कूटर आजही चालतेय."

"हे मास्तरांना सांगितलंत?"

"सांगितलं. म्हणाले, स्कूटरचं काय, ती रॉकेलवरही चालेल."

"लाल मोटार बंद पडायची तेव्हा तुम्ही आत होतात कधी?"

"दोनदा. आधी मागून आवाज यायचा. टण्ण! रिकामा डबा दाबल्यावर होतो ना, तसा. मग इंजिन गुदमरायचं. मग वैद्य यायचा, औषध घालायचा, चालू."

वैद्य म्हणजे स्कूलचा फिटर. हे नाव त्याला त्याच्या औषधामुळे पडलं होतं. टाकीत घालायच्या एका औषधाच्या हिरव्या बाटल्यांची एजन्सी त्याने घेतली होती. इंजिन साफ, ॲव्हरेज जास्त, असं बाटलीवर लिहिलेलं. फळीवर त्या बाटल्यांची रांगच होती.

"पेट्रोल कुठलंही भरा, माझं औषध पाहिजेच," वैद्य म्हणाला. "लाल गाड्या जितक्यांदा मेल्या तितक्यांदा मी जिवंत केल्या. चौकातसुद्धा. विचारा कुणालाही! झाकण उघडलं, औषध सोडलं, किक मारली, की आली शुद्धीवर."

"दर वेळी औषध घातलंत?"

"दर वेळी."

"नव्या बाटल्या कधी मागवल्या?"

"मागवायची वेळच आली नाही. ह्याच पहिल्या खेपेच्या."

मी फळीजवळ गेलो. बाटल्यांवर धूळ होती. एकेक उचलून बघितली आणि परत ठेवली. वैद्य आधी हसत होता, मग हसायचा थांबला.

रांगेतल्या एकाही बाटलीचं सील तुटलेलं नव्हतं.

"वैद्यबुवा," मी म्हणालो, "रोगी बरा झाला, आणि औषध तर सगळं इथेच आहे."

५

वैद्याने खालमानेने सांगितलं. पहिली लाल गाडी बंद पडली त्या दिवशी त्याच्या पिशवीत गिऱ्हाइकाला दाखवायची एक बाटली होती, आणि ती रिकामी होती. सगळे बघत होते म्हणून त्याने झाकण उघडून, बाटली उपडी करून, ओतायचं नाटक केलं. गाडी सुरू झाली.

"कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, असं मला वाटलं," तो म्हणाला. "पण दुसऱ्यांदा पण तसंच झालं. तिसऱ्यांदा पण. मग मीच म्हटलं, चालतंय ना, चालू दे. औषधाचं नाव झालं. लोक विचारायला लागले. आता कुठल्या तोंडाने सांगू, बाटली रिकामी होती म्हणून?"

"गाडी कशाने सुरू होते, याचा कधी विचार नाही केलात?"

"केला. आणि मग करायचा सोडून दिला."

मला त्याचा राग आला. मला सहसा राग येत नाही, तो माझ्या कामात बसत नाही. पण या माणसाने महिनाभर खरं उत्तर रोज स्वतःच्या हाताने उघडलं होतं आणि रोज परत बंद केलं होतं. ते उत्तर काय होतं हे मलाही अजून कळलं नव्हतं, हे वेगळं.

मी दवाखान्यात गेलो. मास्तरांचा मुलगा पाय उंच बांधून पडला होता. बापाइतकाच धिप्पाड, पण आवाज मऊ.

"पेट्रोलचं मला काही कळत नाही," तो म्हणाला. "बाबा म्हणतात तिथे भरतो. त्या दिवशी पंपावर झाकण उघडत नव्हतं. रोजच तसं व्हायचं. जणू आतून कुणी ओढून धरलंय. मी बाबांना सांगितलंसुद्धा, झाकण अडकतंय. ते म्हणाले, जोर लाव, तुमच्या पिढीच्या हातात दमच नाही."

"भरून निघालात, मग?"

"मग चौकापर्यंत ठीक. मधोमध गाडीने दोन गचके दिले आणि गप्प. किक मारली, मारली, काही नाही. आरशात टेम्पो दिसत होता, साहेब. तेवढं आठवतं."

त्याने डोळे मिटले. कॉटच्या वर सलाईनची बाटली टांगलेली होती आणि नळीतले थेंब पडायचे थांबले होते. मी नर्सला हाक मारली. ती आली, तिने नळी चिमटीत धरून बघितली, बाटलीकडे बघितलं. बाटली जवळजवळ भरलेली होती. तिने "विसरलेच की," असं पुटपुटत एक सुई घेतली आणि बाटलीच्या बुचात खुपसली. त्या सुईला नळी नव्हती, काही नव्हतं. नुसती सुई.

थेंब पडायला लागले.

मी ते थेंब बघत राहिलो. इतका वेळ, की मुलाने डोळे उघडून विचारलं, "साहेब, बरं वाटतंय ना तुम्हाला?"

"उत्तम," मी म्हणालो. "तुमच्या दोन्ही मोटरसायकलींची झाकणं एकमेकींना बसतात का?"

६

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांना स्कूलच्या अंगणात बोलावलं. वहिनी आणि धाकटे शेठ एकाच रस्त्यावरून आले, पण दोन फुटपाथांनी. मास्तरांनी वहिनींकडे बघितलं नाही. वैद्य भिंतीला टेकून उभा राहिला. ताई हेल्मेट हातात घेऊन तयार होती.

अपघातातल्या मोटरसायकलीला ओरखड्यापलीकडे काही झालं नव्हतं. दोन्ही गाड्यांच्या टाक्या फुल करून घेतल्या, निळी निळ्या पंपावर आणि लाल, कंपनीच्या परवानगीने, लाल पंपावर. मग मी सगळ्यांसमोर झाकणांची अदलाबदल केली. लाल झाकण निळ्या गाडीला, चिकटपट्टीवालं लाल गाडीला.

"ताई, तुम्ही लाल झाकणवाली घ्या. शेठ, तुम्ही दुसरी. अंगणातल्या अंगणात फेऱ्या मारा. थांबू नका."

"हा काय पोरखेळ आहे?" मास्तर गरजले.

"परीक्षा आहे," मी म्हणालो. "तुम्हाला आवडतात ना?"

गाड्या फिरायला लागल्या. धाकटे शेठ इस्त्रीच्या शर्टात मोटरसायकलवर अगदी ताठ बसले होते. वहिनींना त्याही अवस्थेत थोडं हसू आलं. बऱ्याच फेऱ्या झाल्या. मास्तर घड्याळ बघायला लागले. मी फेऱ्या मोजत होतो.

ताईच्या गाडीने एक गचका दिला. मग दुसरा. मग ती गप्प झाली.

ताईने किक मारली. परत मारली. काही नाही. शेठ दुसऱ्या गाडीवरून तिच्या बाजूने मजेत निघून गेले.

"वैद्यबुवा, तुम्ही आहात तिथेच उभे राहा," मी म्हणालो. "मास्तर, या गाडीत कुठलं पेट्रोल आहे?"

"निळं," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा बराच लहान झाला होता.

"आणि लाल काय आहे?"

ताईने खाली झाकणाकडे बघितलं.

मी झाकणाला हात घातला. जोर लावावा लागला. फुस्स आवाज होऊन झाकण निघालं. मी ते परत बसवलं आणि ताईला खूण केली. एका किकमध्ये गाडी सुरू झाली.

"औषध वगैरे काही नाही," मी म्हणालो. "टाकीतून पेट्रोल खाली जातं, तेवढी हवा वरून आत यावी लागते. हवा आली नाही तर पेट्रोल उतरत नाही. म्हणून या जुन्या झाकणांना मधोमध एक बारीक भोक असतं, टाचणीच्या टोकाएवढं. चिकटपट्टीवाल्या झाकणाला ते आहे. लाल झाकणाला नाही. टाकी भरलेली असली की वर हवेला जागा थोडी, म्हणून गाडी लगेच गुदमरते. अर्धी रिकामी असली की आतल्याच हवेवर बराच वेळ निभावते. मोटारीच्या टाकीचा पत्रा आत ओढला जायचा, तो तुमचा टण्ण आवाज, ताई. आणि झाकण उघडलं की हवा आत शिरायची, ते यांचं औषध."

"म्हणजे रंगाने भोक बुजलं?" ताईने विचारलं.

"मलाही आधी तसंच वाटलं. चुकून बुजलं असेल." मी झाकण उलटं केलं आणि सगळ्यांना दिसेल असं धरलं. "पण रंग आतूनही आहे. बाकी सगळं आतलं अंग कोरं आहे, फक्त भोकावर एक ठिपका, काडीने दिल्यासारखा. शिवाय वायसर नवा. हेच दुसऱ्या लाल झाकणाचंही. हे चुकून होत नाही."

सगळ्यांच्या माना मास्तरांकडे वळल्या, कारण झाकणं कुणी रंगवली हे सगळ्यांना माहीत होतं.

७

मास्तर अंगणातल्या टायरवर बसले.

"पेट्रोल उडतं," ते म्हणाले. "वाफ होऊन. त्या भोकातून उडतं असं मला वाटायचं. म्हटलं, भोक बंद केलं, वायसर नवा घातला, तर चार थेंब वाचतील. लालचं ॲव्हरेज तेवढंच वर जाईल." त्यांनी माझ्या हातातल्या झाकणाकडे बघितलं. "लाल जिंकायला हवा होता. माझा मित्र आज असता तर त्याने मला खांद्यावर घेतलं असतं."

आपण जिंकवायला निघालो तोच पंप त्यांनी बुडवत आणला होता. गाड्या बंद पडल्या तेव्हा त्यांना स्वतःचा तो ठिपका आठवला नाही, असं नाही. पण आपण लालचं भलंच केलंय याची त्यांना इतकी खात्री होती, की उरलेला सगळा दोष पेट्रोलच्या वाट्याला गेला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, फक्त इथे चोर प्रामाणिक होता.

वहिनी मास्तरांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"मास्तर, हे पत्त्यात रोज तुमच्याशी हरायचे," त्या म्हणाल्या. "हरून हसत घरी यायचे. पेट्रोलमध्येही एकदा हरले असते, तर काय बिघडलं असतं? मला फार राग आलाय तुमचा. आज मी तुमच्याशी बोलणार नाही. उद्याचं उद्या बघू."

मग त्यांनी साडीची सेफ्टीपिन काढली, माझ्या हातातलं झाकण घेतलं आणि टोकाने रंग खरवडून भोक मोकळं केलं. फुंकर मारून बघितली. झाकण मास्तरांच्या शेजारी टायरवर ठेवलं आणि त्या फाटकाबाहेर पडल्या. या वेळी धाकटे शेठ त्यांच्याच फुटपाथने गेले.

मी अहवाल तिथेच बसून लिहिला. पेट्रोल निर्दोष, पंपाचा संबंध नाही, टाकीचा हवेचा मार्ग मालकाकडून बंद केला गेला. गुळमुळीत काही लिहिलं नाही. वैद्याने न विचारता त्याची बाटलीची गोष्ट स्वतः सांगितली आणि खाली सही केली. संध्याकाळी लाल पंपाची दोरी निघाली.

मी सायकलवर बसलो तेव्हा मास्तर समोर येऊन उभे राहिले.

"साहेब, दवाखान्यात चला माझ्याबरोबर. पोराला सांगायचंय. मला एकट्याला जमणार नाही."

हे माझ्या कामात बसत नव्हतं. मी गेलो.

मास्तरांनी मुलाला सगळं सांगितलं, उभ्यानेच, एका दमात. अख्खी गोष्ट हळू सांगताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. मुलगा छताकडे बघत ऐकत होता.

"मी तुम्हाला म्हटलं होतं, झाकण अडकतंय म्हणून," तो शेवटी म्हणाला.

"म्हटलं होतंस."

"आणि तुम्ही म्हणालात, जोर लाव."

"म्हणालो."

मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्याने पुसलं नाही. मग म्हणाला, "म्हणजे लाल चांगलं की निळं, ते शेवटी कळलंच नाही."

"नाही कळलं."

"बसा बाबा. उभे नका राहू."

मास्तर कॉटशेजारच्या स्टुलावर बसले. नर्स नवी बाटली लावायला आली. तिने बुचात नळी जोडली, मग ती मोकळी सुई खुपसली.

"ही दुसरी सुई कशाला?" मास्तरांनी विचारलं.

"हवा आत जायला. नाहीतर थेंब थांबतात."

मास्तरांनी मान हलवली. मी निघालो तेव्हा भेटायची वेळ संपल्याची घंटा झाली होती आणि नर्स त्यांना घरी जायला सांगत होती. ते जागचे हलले नाहीत. त्यांनी स्टूल बाटलीच्या जवळ सरकवला आणि त्या सुईकडे बघत बसून राहिले.